दोन पंख्यांचे विमान

हिवाळ्यात सकाळी अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कधी कधी एक विमान समुद्रावरून, किनाऱ्याला धरून, बरेच खालून जाताना दिसते. पंख वरच्या अंगाला, पोट खाली आणि दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. मुंबईला उतरणाऱ्या मोठ्या विमानांपेक्षा त्याचा आवाजही वेगळा, घरघरणारा. हे तटरक्षक दलाचे डॉर्नियर २२८. दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे आणि डॉर्नियर विमाने तिथून गस्तीला निघतात. मूळचे जर्मन विमान, पण १९८०च्या दशकापासून ते आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनते.

नववीच्या सात मुलांनी हेच विमान करायचे ठरवले. चार मुली आणि तीन मुले. आम्ही दोन शिक्षक बरोबर. आमच्यातला एकजण उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसऱ्या मॅडम गणिताच्या. विमानाचे शास्त्र दोघांपैकी कुणीही शिकलेले नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे. उडणारे विमान घरी बनवायचे तर एका मोटरचे सोपे, हे आम्हाला दोन-चार जाणत्यांनी सांगितलेही. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव मुलांना माहीत होते. त्यांचे विमान २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले होते आणि २०१७मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. तेही एकाच इंजिनाचे. पण मुलांचे म्हणणे, आम्ही समुद्रावर पाहतो त्याला दोन आहेत, मग आमच्यालाही दोनच हवेत. आम्ही हो म्हणालो. त्या ‘हो’ची किंमत पुढे कळली.

आकार ठरवणे सोपे गेले. खऱ्या डॉर्नियरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १७ मीटर. बाराव्या हिश्शाने केले तर १ मीटर ४१ सेंटिमीटर. फोमच्या पट्ट्या, बांबूच्या कामट्या, चिकटपट्टी आणि रिक्षाने नेता येईल असे सुटे होणारे पंख. बॅटरीसकट वजन १२०० ग्रॅमच्या आत ठेवायचे ठरले. प्रत्येक घरातून ३०० रुपये गोळा झाले, बाकीचे आम्ही घातले. उडवायचे रिमोट एका माजी विद्यार्थ्याने वापरायला दिले.

मग मोटरी आणायला मुले लॅमिंग्टन रोडला गेली आणि तिथेच पहिली गफलत झाली.

मोटरीवर दोन आकडे असतात. पहिला, उदाहरणार्थ, २२१२. यातले २२ म्हणजे आतल्या तारा गुंडाळलेल्या लोखंडी गाभ्याचा व्यास, १२ म्हणजे त्याची उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. काही कंपन्या मात्र गाभ्याऐवजी बाहेरच्या डब्याचे माप छापतात. मग तीच मोटर २८३० नावाने येते आणि घेणाऱ्याला वाटते की ही मोठी आहे. दुसरा आकडा केव्हीचा. हे किलोव्होल्ट नव्हे. १००० केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोकळ्या मोटरीचे मिनिटाला १००० फेरे. मुलांसमोर १००० केव्ही आणि २२०० केव्ही अशा दोन जोड्या ठेवल्या गेल्या. किंमत जवळपास सारखीच. आता चौदा वर्षांचा मुलगा कोणती उचलेल?

तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. २२०० केव्हीची मोटर तिच्यावर मोकळी फिरली तर २४ हजारांवर फेरे घेते. तिला आठ इंची पंखा लावला. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट तर शक्ती आठपट. १००० केव्हीच्या मानाने २.२ पट फेरे मागितले की शक्ती साडेदहा पट लागते. तेवढी मोटरीत नसते. ती धापा टाकत अँपिअर ओढत राहते आणि त्यांची उष्णता होते. आमची मोटर दहा सेकंदांत तापली, लाखेसारखा वास आला आणि टेबलावरच तिचा निकाल लागला. हे सगळे गणित आम्ही वास आल्यावर केले.

कमी केव्ही म्हणजे कमजोर मोटर नव्हे, तिच्यात तारेचे वेढे जास्त असतात, प्रत्येक अँपिअरमागे ती पिळाचा जोर अधिक देते आणि मोठा पंखा सावकाश फिरवू शकते. जास्त केव्हीची मोटर लहान पंख्यासाठी. घरात छताचा पंखा आणि टेबलफॅन दोन्ही असतील तर फरक लगेच समजतो. छताचा पंखा भरपूर हवा हळू ढकलतो, टेबलफॅन थोडी हवा जोरात. विमानाला पुढे नेणारा रेटा, म्हणजे थ्रस्ट, ढकललेली हवा आणि तिला दिलेला वेग यांच्या गुणाकाराने मिळतो, पण खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे हळू उडणाऱ्या विमानाला मोठा पंखा स्वस्तात पडतो. १९०३च्या १७ डिसेंबरला राइट बंधूंनी जे विमान उडवले त्याला इंजिन एकच होते, सुमारे १२ अश्वशक्तीचे. पण पंखे दोन, प्रत्येकी साडेआठ फुटी, सायकलीसारख्या साखळीने फिरवलेले. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून त्यांनी एका बाजूची साखळी आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन बसवली होती. मुलांना ही साखळीची गोष्ट फार आवडली. तिचा उपयोग पुढे येतो.

उरलेली २२०० केव्हीची मोटर बाजूला ठेवून दुसऱ्या वेळी १००० केव्हीच्या दोन आणल्या. प्रत्येकीचे वजन ५० ग्रॅमच्या आसपास आणि १२ अँपिअरपर्यंत थोडा वेळ चालणारी. आता प्रश्न पंख्याचा.

पंख्यावरही दोन आकडे. १०×४.५ म्हणजे व्यास १० इंच आणि पिच ४.५ इंच. पिच म्हणजे स्क्रू लाकडात एका फेऱ्याला जेवढा आत जातो ते अंतर. हवा लाकडासारखी घट्ट नाही म्हणून प्रत्यक्षात पंखा थोडा कमीच सरकतो, पण अंदाजाला हे पुरते. आम्ही रेटा मोजायला घरचाच काटा वापरला. इंग्रजी एल अक्षरासारखी लाकडी पट्टी, कोपऱ्यात खिळा, उभ्या भुजेवर मोटर आणि आडव्या भुजेचे टोक पीठ मोजायच्या काट्यावर. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या असल्या की मोटर जेवढी ओढते तेवढाच आकडा काट्यावर दिसतो. काटा मॅडमच्या सासूबाईंचा. तो शुक्रवारी परत द्यायच्या बोलीवर मिळाला होता आणि तीन महिने आमच्याकडेच राहिला. फेरे मोजायचे यंत्र वसई पूर्वेच्या एका गाळ्यातून, लेथचे काम करणाऱ्या पालकांकडून आणले.

१०×४.५ पंख्याने काट्यावर ८५० ग्रॅम दाखवले. दोन मोटरींचे १७०० ग्रॅम, विमान १२०० ग्रॅमचे. मुले नाचायला लागली. ८×६ पंख्याने जेमतेम ४५० ग्रॅम दिले. कोणता घ्यायचा यावर वर्गात वादच नव्हता.

वाद मॅडमनी काढला. त्यांनी फळ्यावर पहिल्यांदा विमानाचा सर्वांत कमी वेग काढला, ज्याच्याखाली पंख वजन उचलू शकत नाहीत. आमच्या पंखांचे क्षेत्रफळ २२ चौरस डेसिमीटर, वजन १२०० ग्रॅम. उत्तर आले ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. मग पंख्याचा वेग. मिनिटाचे फेरे गुणिले पिचचे इंच गुणिले ०.००१५२४ केले की ताशी किलोमीटर मिळतात. १०×४.५ पंखा आमच्या मोटरीवर ७,६०० फेरे घेत होता, म्हणजे ताशी ५२. ८×६ पंखा ८,८०० फेरे, म्हणजे ताशी ८०. जाणते लोक सांगतात की पंख्याचा वेग विमानाच्या किमान वेगाच्या दोन ते अडीच पट तरी हवा, कारण विमान जसजसे पुढे धावते तसतसा पंख्याचा रेटा कमी होत जातो आणि विमानाचा वेग पंख्याच्या वेगाजवळ गेला की ओढ जवळजवळ उरतच नाही. १०×४.५ची दीडपटच येत होती. काट्यावरचे ८५० ग्रॅम जागेवर उभ्या विमानाचे होते आणि आम्हाला ते उभे ठेवायचे नव्हते.

शिवाय मोठा पंखा १४ अँपिअरच्या वर ओढत होता, मोटर सोसते त्यापेक्षा जास्त. छोटा दहाच्या आत. आणखी एक गोष्ट दोन इंजिनांच्या विमानातच येते. पंख्याचे टोक विमानाच्या धडाला लागू नये. आमचे धड १२ सेंटिमीटर रुंद. दहा इंची पंखा असता तर मध्यरेषेपासून २१ सेंटिमीटरवर मोटर बसवावी लागली असती, आठ इंचीला १८ पुरतात. तीन सेंटिमीटरने काय होते? एक मोटर बंद पडली की दुसरी विमानाला मुरडते, दारावर बिजागरीपासून लांब रेटा दिल्यासारखी. मोटर मध्याच्या जितकी जवळ, तितकी मुरड कमी. ८×६ ठरला. मुलांनी मान्य केले, पण १०×४.५ची जोडी एका मुलाने अजून दप्तरात ठेवली आहे.

बाकीचा हिशेब पटकन सांगतो. प्रत्येक मोटरीला साधारण १०५ वॅट, दोन्ही मिळून २१०, म्हणजे किलोमागे १७५ वॅट. सावकाश फिरणाऱ्या विमानाला हे ठीक. मोटरीचा वेग सांभाळणारे ईएससी प्रत्येक मोटरीला वेगळे आणि ओढीपेक्षा बरेच मोठे, म्हणून २० अँपिअरचे. बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तास. पूर्ण जोरावर दोघी मिळून २० अँपिअर ओढतात, म्हणजे बॅटरी ऐंशी टक्के रिकामी व्हायला पाच-साडेपाच मिनिटे, अर्ध्या जोरावर बरीच जास्त. ऐंशी टक्क्यांच्या पुढे ती रिकामी करायची नाही. आणि ही बॅटरी चार्ज करताना खोलीत माणूस हजर हवा. रात्रभर लावून झोपायची नाही. फुगली तर परत वापरायची नाही. मुलांच्या घरी आम्ही ती एकदाही पाठवली नाही.

दोन्ही ईएससीमधून रिसिव्हरला ५ व्होल्ट देणारी लाल तार येते. बहुतेक ठिकाणी त्यातल्या एकाची लाल तार काढून ठेवतात, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी भांडत नाहीत. आम्हीही काढली. मोटर उलट फिरवायची असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या. राइट बंधूंना साखळीला तिढा द्यावा लागला, आपले काम दोन तारांत होते. पण मोटर उलटी झाली म्हणून पंखा उलटा होत नाही! एका मुलाने पंखा पुढचे मागे करून बसवला आणि झाले म्हणाला. स्क्रू उलटा धरला तरी त्याचे आटे तेच राहतात, तसेच हे. उलट्या आट्यांचा पंखा वेगळाच मिळतो. ड्रोनवाल्यांकडे सुलट-उलट जोड्या सहज मिळतात, पण बहुतेक कमी पिचच्या. उलटा ८×६ मिळवण्यात आमचे तीन आठवडे गेले.

जानेवारीत, भातकापणी झालेल्या खाचरात, मालकाची परवानगी काढून आम्ही विमान नेले. विरार पूर्वेकडे. किनाऱ्यावर माणसे असतात आणि वाळू मोटरीत जाते. वसईच्या किल्ल्यात उडवू असे मुले म्हणत होती, पण ते संरक्षित स्मारक आहे, तो विषय तिथेच थांबवला. दोन किलोपर्यंतचे विमान हौसेसाठी उडवायला २०२१च्या ड्रोन नियमांत परवाना लागत नाही, पण डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावेच लागते. फजरनंतर लगेच निघालो, कारण नऊ-दहा वाजल्यावर वारा वाढतो.

विमान उडाले. खरोखर उडाले. दोन फेऱ्या घेतल्या, वळले, डोक्यावरून गेले तेव्हा डॉर्नियरसारखी घरघरही आली. उतरवताना जोर कमी केला, ते वीस फुटांवर आले आणि अचानक डावीकडे मुरडले. डावा पंख बांधाला लागला. फोमचे तुकडे आणि चिखल.

सगळ्यांनी पाहिले होते की डावा पंखा थांबला होता. डाव्या मोटरीच्या तारांचे सोल्डरिंग एका मुलीने केले होते. कुणी मोठ्याने काही म्हणाले नाही, पण परतीच्या रिक्षात तिच्याशी कुणी बोललेही नाही. तिचे अब्बू शिवणकाम करतात. तिला पाठवायला ते आधीच तयार नव्हते. मॅडम दोनदा घरी जाऊन आल्या तेव्हा कुठे परवानगी मिळाली होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पैशांचे जाऊ द्या, ते म्हणाले, पण पोरीच्या हातून सगळ्यांचे नुकसान झाले असे ऐकतोय, तिला आता नको बोलवू. आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. आम्हालाही तेच वाटत होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत एका मुलाने वातावरण हलके करायला अब्बास इब्न फिरनासचे नाव काढले. नवव्या शतकात कुर्तुब्यात पंख बांधून उडालेला विद्वान. अल-मक्करीने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे की उतरताना त्याला दुखापत झाली, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतात आणि याने शेपटी केलीच नव्हती. आमच्या विमानाला शेपटी होती. ती सबब चालणार नव्हती.

ती मुलगी स्वतःच दुपारी आली. तिने पंखे काढले, तारा उघडल्या आणि सोल्डर ओढून दाखवले. जोड पक्का होता. मग तिने वॅटमीटर लावला आणि रिमोटची कांडी अगदी हळू वर नेली. उजवी मोटर फिरू लागली. डावी स्तब्ध. कांडी आणखी वर नेली, तेव्हा डावी सुरू झाली. मग तिने कांडी हळूहळू खाली आणली. एक पंचमांशाच्या जवळ डावी थांबली, उजवी फिरतच होती. तिने चार वेळा तसे करून दाखवले आणि आमच्याकडे पाहिले.

रिमोटची कांडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे प्रत्येक ईएससीला आधी शिकवावे लागते. पंखे काढून ठेवायचे, रिमोट चालू करून कांडी पूर्ण वर ठेवायची, मग बॅटरी जोडायची, ईएससीने आवाज दिला की कांडी पूर्ण खाली आणायची. दोन्ही ईएससींना एकेक करून, त्याच रिमोटवर. पाच मिनिटांचे काम. एका मोटरीच्या विमानात ते राहून गेले तरी फारसे बिघडत नाही, दोन मोटरींत बिघडते. हे काम आमच्याकडे होते आणि उडवायच्या घाईत ते राहून गेले होते.

मोठ्या विमानांतही एक इंजिन बंद पडण्याची वेळ सर्वांत कठीण असते, म्हणून ती मुद्दाम उडतानाच तपासली जाते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘सारस’ हे दोन इंजिनांचे विमान पहिल्यांदा २००४च्या मे महिन्यात उडाले. ६ मार्च २००९ रोजी त्याचा दुसरा नमुना अशाच चाचणीत, बंद केलेले इंजिन हवेत पुन्हा सुरू करताना, बिडदीजवळ कोसळला आणि हवाई दलाचे तिघे अधिकारी गेले. आमचे नुकसान फोमचे होते, हे आम्ही विसरलो नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघेही तिच्या घरी गेलो. दुकानात शिलाई मशीन चालू होते. चूक आमची होती हे तिच्यासमोर आणि तिच्या अम्मीसमोर सांगितले. अब्बूंनी मशीन थांबवले, ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे दोन्ही मोटरी एकदम सुरू होत नव्हत्या? माझ्याकडे दोन मशीन एका पट्ट्यावर होत्या तेव्हा असंच व्हायचं.” मग चहा आला.

नवा पंख तयार आहे. कापणीची शेते जूनपर्यंत मोकळी. दोन्ही ईएससींना आता तिनेच शिकवले आहे आणि विमान नेण्याआधी ती दर वेळी कांडी एक पंचमांशावर धरून दोन्ही मोटरी पाहते. तिच्याशिवाय बॅटरी जोडायची नाही, असे मुलांनी आपसांत ठरवले आहे. पुढच्या रविवारी फजरनंतर निघायचे आहे. काटा यावेळी दुसऱ्या घरून आणावा लागेल, मॅडमच्या सासूबाईंनी त्यांचा परत मागितला आहे.